काचेची, कोरडी, घट्ट बुचाची

५ जुलै, रविवार

बाबा सकाळपासून गॅलरीत. विमानतळ सुरू झाल्यापासून हा नवा उद्योग. विमानं बघत नाहीत, वारा बघतात. "आज इमानं उलटी उतरतायत बाय. वारा फिरला." तिसऱ्या मजल्यावरून समुद्र दिसत नाही. समोरच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात, मागे डोंगराचा तुकडा. वारा कुठला हे तरी त्यांना रोज कळावं लागतं. कळून काय करतात, विचारलं नाही.

संध्याकाळी गजाचा फोन. धाकटा भाऊ, पण होडी त्याच्याकडे गेल्यापासून आवाज थोरल्यासारखा. बाबांनी पुन्हा तेच काढलं. नारळी पौर्णिमेला होडीत बसून समुद्राला नारळ द्यायचा. आई गेली त्या वर्षी सण केला नाही. गेल्या वर्षी गुडघ्याचं ऑपरेशन. यंदा जायचंच.

गजा : "बाबा, एप्रिलला होरी बंद पडली तवा आमी दुसऱ्या होरीत उड्या मारल्या. तुमाला काय फेकू?"

खाडीच्या तोंडाबाहेर बंद पडली होती. फिल्टर चोंदला. गेल्या हंगामापासून गजा डिझेलमध्ये बायोडिझेल घालतो. नेऱ्याकडे एक कारखाना आहे, हॉटेलांचं आणि वडेवाल्यांचं वापरलेलं तेल जमवून करतात. गावात सगळे म्हणतात, त्या तेलानेच घात केला.

मग मला : "ताय, तू दिवसभर हेच तपासतंस ना लॅबमदी? आमचं पन तपास. तू बोल चांगला हाय, मी नेतो बाबांना. तू बोल नाय, तर नाय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं. गजाने फोन ठेवला तरी बघत होते.


७ जुलै, मंगळवार

सरांना विचारलं. "घरचं आहे ना? कर. फक्त कामाच्या नमुन्यांत मिसळू नकोस."

गजाने टेम्पोवाल्याबरोबर नमुना पाठवला. थंड पेयाची प्लास्टिकची बाटली, लेबलासकट. तळाशी पाणी दिसत होतं.

शेजारच्या टेबलावरच्या शबानाने नाकाशी धरली. "या अल्लाह. कांदाभजी." मग, "वंदना, ह्याच्यावर होडी चालते? मागे मांजरं लागत असतील."

तपासला नाही. असल्या बाटलीतून आलेल्या तेलाबद्दल काही म्हणता येत नाही, चांगलंही नाही, वाईटही नाही. ओतून दिला.

रात्री जेवताना गजाला फोन. प्लास्टिक नको. काचेची, कोरडी, घट्ट बुचाची. आणि बाटलीत आधी काही असेल तर

"समजला, समजला," गजा म्हणाला. त्याच्याकडे पाहुणे होते.

बाबा शेजारी बसून ऐकत होते. भात कालवायचे थांबले होते.


१२ जुलै, रविवार

बाजारातून आगळ आणलं. कोकमाचा मीठ घातलेला रस, बाटलीवर गावठी म्हणून लिहिलेलं. सोलकढी केली. बाबांनी प्यायली, वाटी खाली ठेवली. दुसऱ्यांदा मागितली नाही.

आई दर मे महिन्यात करायची. बरणीत कोकमाची सालं, मीठ, उन्हात. रोज हलवायची. हात मनगटापर्यंत लाल. ती गेल्यावर घरात शेवटची बाटली होती. ती कधी संपली आठवत नाही. शेवटची कढी आपण पीत असतो तेव्हा कुणी सांगत नाही.

दुपारी झोप नाही. धक्का आठवला. होडी निघाली की आई थोडा वेळ उभी राहायची, मग माझा हात ओढायची. दिसेनाशी होईपर्यंत बघायचं नाही, असं तिचं होतं. कुणाचं असं असल्याचं ऐकलं नाही, तिचंच. त्यामुळे मी बाबांची होडी लहान होताना पाहिली, नाहीशी होताना कधीच नाही. वळून चालायला लागायचं. मागून इंजिनचा आवाज, मग तोही नाही.

होडीत मी कधी बसले नाही. गजा चालायला लागल्यापासून बसायचा. मी एकदा विचारलं होतं. बाबा म्हणाले, "तू शीक." शिकले.


१८ जुलै, शनिवार

लॅबमधून आले तर घराला कुलूप. शेजारच्या काकू म्हणाल्या, आजोबा सकाळीच निघाले, पिशवी घेऊन. फोन घरात, चार्जरला.

दिवे लागल्यावर आले. उरणच्या बसने गावी गेले होते, तसेच परत. गुडघा सुजलेला. पिशवीत टॉवेल, टॉवेलात बाटली. काचेची, बुचाला फडकं बांधलेलं.

"मांडीवर धरून आनली. उभीच. एक थेंब सांडला नाय."

"बाबा, गजाने पाठवली असती."

"गजा पाठवल ती कशात पाठवल."

गुडघ्याला बर्फ लावला. सगळा वेळ बाटलीकडे बघत होते. टेबलावर ठेवली तर म्हणाले, कडेला नको.


२० जुलै, सोमवार

बाबांच्या नमुन्याला आज हात लावला. कामं आटपल्यावर. नेहमीप्रमाणे आधी बाटली हलवली.

घनता ठीक. फ्लॅश पॉइंट ठीक. पाणी जास्त. ॲसिड व्हॅल्यू, म्हणजे तेलातलं आम्ल, मर्यादेच्या बरीच वर.

ॲ.व्हॅ. पुन्हा केली. तितकीच. शेवटचा रंगही धड येत नव्हता. थेंबाथेंबाने अल्कली घालत गेलं की एका थेंबाला फिकट गुलाबी यायला हवा आणि टिकायला हवा. आज आधी मळकट झालं, मग कसाबसा गुलाबी. काच खराब असेल म्हणून भांडं बदललं. तेच.

मला हवं होतं ते पास व्हावं. हे लिहून ठेवते. हवं असलं की गुलाबी लवकर दिसतो, हे नवीन मुलींना मीच सांगते. आज तसं झालं असतं तर बरं, असं क्षणभर वाटलं. पण आकडा एवढा वर की डोळे मिटून केलं असतं तरी नापास.


२१ जुलै, मंगळवार

सांगितलं. "बाबा, तेल चांगलं नाही."

"बरां."

पांढरा सदरा इस्त्रीला द्यायचा म्हणून खुर्चीवर काढून ठेवला होता. आठवडाभर तिथे होता. घडी घातली, कपाटात ठेवला. कपाटाचं दार नेहमी आवाज करतं, त्यांनी हळू लावलं.

वाऱ्याबद्दल आज काही बोलले नाहीत.


२३ जुलै, गुरुवार

गजा चिडला. नमुना नापास म्हणजे त्याचे सगळे ड्रम नापास.

"सगल्या होऱ्या त्याच तेलावर हायत ताय. एकट्या आमचाच खराब?"

म्हटलं, जे आलं ते सांगितलं.

"का तुलाच नको हाय बाबांनी जावं? खरां बोल."

मागून मंदाचा आवाज, त्याच्या बायकोचा : "अवो काय बोलताव वन्सना." मग फोन बंद.

मला नको आहे का? भीती आहे. गुडघा, वय, लाटा. पण नको नाही. त्यांना होडीत बसलेलं बघायचं आहे. ते इथे गॅलरीत ज्या खुर्चीत बसतात तिला हात आहेत. होडीत बसायचे तेव्हा हात कुठे ठेवायचे, आठवायचा प्रयत्न केला. आठवलं नाही. धक्क्यावरून तेवढं दिसत नसे.


२७ जुलै, सोमवार

बाटलीत थोडं उरलं होतं. आज जेवणाच्या सुट्टीत तेच पुन्हा. यावेळी फ्लास्क पांढऱ्या फरशीवर ठेवून, दिवा जवळ ओढून.

मळकट म्हणजे कसा, ते आज नीट बघितलं. हिरवट. गुलाबीच्या आधी हिरवट करडा.

शबानाला बोलावलं. "हिरवा कुठून आला?" तिने फ्लास्क फिरवला. "कारखानेवाले पालेभाजी तळतात काय?"

हसलो. ती गेली. मी फ्लास्क धरून उभी राहिले. हा रंग मी पाहिलेला आहे. लॅबमध्ये नाही.

गावचं मागचं दार. मोरी. आई आगळाची बरणी धुतेय, धुण्याच्या सोड्याने. लाल बरणी, आणि फेस हिरवा-निळा. मी लहानपणी तो फेस हातावर घ्यायचे. ती म्हणायची, कपड्याला लावू नको.

कोकमाचा रंग आंबटात लाल, सोड्यात हिरवा. शाळेत हे शिकण्याआधी मला माहीत होतं.

बाटलीतलं तेल ओतून काढलं, खिडकीशी नेली. तळाच्या कडेला, काच जिथे वळते तिथे, काळपट लाल पापुद्रा. वास घेतला. वर कांदाभजी. खाली, फार खाली


त्याच दिवशी, घरी

"बाबा, ही बाटली कुठली?"

"घरातली."

"गजाच्या?"

"तुज्या आयशीची. आगलाची."

"तुम्ही गावाहून घेतली?"

"नाय. हितंच होती. माज्या पेटीत."

आई गेल्यावर बाबा माझ्याकडे आले तेव्हा एक पेटी आणली होती. कपडे, टोपी, जाळं विणायची सुई. मी ती पेटी कधी उघडली नाही. बाजारात गावठी आगळ शोधत होते तेव्हा आईची बाटली माझ्याच घरात, पलंगाखाली होती.

"धुतली नव्हती?"

"नाय."

"मी कोरडी म्हणाले होते."

"दोन वर्सां पडून हाय. कोरडी नाय व्हनार?" थोड्या वेळाने, "तलाला जरासा होता. त्यो पिलो. मंग भरली."

"नुसता? पाणी न घालता?"

"नुसता."

"कसा लागला?"

विचार करून म्हणाले, "खारट."

मग मीच समजावलं. तेल खराब नसेल. बाटलीतलं मीठ, आंबट, ओल, सगळं तेलात उतरलं आणि आम्ही तेच मोजलं. बाबांनी ऐकून घेतलं. मग माझ्यावर रागावल्यासारखे म्हणाले, "तू बोल्लीस काचेची. घट्ट बुचाची. गजाच्या घरात सगल्या प्लास्टिकच्या. मंग मी कुठून आनू?"

खरं आहे. फोनवर वाक्य मी पुरं केलं नव्हतं. पुरं केलं असतं, तरी ती बाटली त्यांनी धुतली असती असं वाटत नाही.

बाटली आता पुन्हा पेटीत आहे. नियमाने मी ती धुवायला हवी होती.


२ ऑगस्ट, रविवार

गावी. लॅबच्या बाटल्या घेऊन. बाबांना नेलं नाही. गुडघा. दारापर्यंत आले, "टाकीतला पन घे," म्हणाले. ते माझ्या लक्षात नव्हतं.

होडी अजून किनाऱ्यावरच, ठोकळ्यांवर. वरच्या फळीचा निळा रंग ओला. बाकीच्या काही होड्या कालच गेल्या, बंदी उठली म्हणून. गजा पौर्णिमेशिवाय जात नाही, बाबाही जात नसत. गजा सॅंडपेपर घेऊन वाकलेला. मला बघून उभा राहिला, मग पुन्हा वाकला.

बाटलीची गोष्ट सांगितली. घासणं थांबवलं.

"तीच? हिरव्या बुचाची?"

"हो."

"मी ती किती शोधली घरात." आणि एवढ्या मोठ्याने हसला की पलीकडच्या होडीवरच्यांनी वर बघितलं. "आयला, आय नापास झाली व्हय गं तुज्या लॅबात."

मग तोंड फिरवून बराच वेळ एकाच जागी घासत राहिला.

ड्रममधून दोन बाटल्या भरल्या. टाकीतून एक, तळापासून. ती भरताना हाताला कळलं. जड, काळं, गाळ.

"ही टाकी कधी उघडली होती?"

"बाबांनी कदी उघडली नाय. गलत नव्हती तर कशाला उघडायची?"

होडीवरून पाय लोंबकळत ठेवून बसावं असं वाटलं. ओला रंग होता. उभीच राहिले. मंदाने मांदेलीचं कालवण वाढलं. आगळ बाजारचंच, तिच्याकडेही.


५ ऑगस्ट, बुधवार

ड्रमचा नमुना मी केला. गुलाबी स्वच्छ आला, टिकला. मर्यादेच्या आत.

विश्वास ठेवला नाही. दुसरी बाटली शबानाला दिली, कशाची ते न सांगता, एका कंपनीच्या नमुन्यांच्या रांगेत ठेवून. सरांनी मिसळू नको म्हटलं होतं. मिसळला.

तिने संध्याकाळी आकडा दिला. माझ्यापेक्षा जरा जास्त. तिचाही आत. वहीत तिचा लिहिला.

मग सांगितलं, कुणाचा होता. म्हणाली, "बाबांचा? मग आधी का नाही सांगितलंस? दुआ करून केलं असतं."

"म्हणूनच."

टाकीतल्याला टेस्टची गरज नव्हती. गाळण कागदावर काळा थर बसला. जुन्या डिझेलचा, वर्षानुवर्षांचा. डिझेल त्या थरावरून नुसतं वाहत राहिलं. हे तेल थर सोडवतं. सुटला, फिल्टरमध्ये गेला, होडी थांबली. तेल खराब नव्हतं. टाकीत होतं ते हलवलं एवढंच.


९ ऑगस्ट, रविवार

गजाला फोनवर समजावलं. शांतपणे ऐकून म्हणाला, "म्हंजे तेल साफ म्हनून होरी बंद पडली."

"तसंच काहीसं."

"ह्ये मी गावात सांगू? येडा बोलतील मना."

पण टाकी सोडवली. मंदाने फोटो पाठवला. टाकी उलटी, बाजूला घमेल्यात काळी वडी, निघाली तशी. बाबांनी फोन डोळ्यांजवळ नेऊन बघितला. "येवढा होता?" पुन्हा बघितला. "मना वाटला नव्हता येवढा आसल."

झोपायच्या आधी पुन्हा फोन मागितला.


१६ ऑगस्ट, रविवार

बाबा जिन्यात सापडले. पहिल्या मजल्याच्या पायऱ्यांवर, कठड्याला न धरता. होडी हलते म्हणून हातांनी तोल सावरायचा सराव. शेजारच्या काकू दार किलकिलं करून बघत होत्या. "आजोबा काय नाच बसवतायत का?"

"व्हय. तुमी येताव?"

काकूंनी दार लावलं. बाबा हसले. गेल्या कित्येक महिन्यांत हसण्याचा आवाज असा जिन्यात घुमला नव्हता.


२० ऑगस्ट, गुरुवार

शेवटची टेस्ट लावली. तेल गरम ठेवायचं, त्यातून हवा सोडत राहायची, किती वेळ तग धरतं बघायचं. काही करायचं नसतं. पडद्यावर रेघ आडवी चालत राहते. खूप वेळ काहीच होत नाही. मग एका क्षणी तेल बिघडायला लागतं, रेघ उठते, आणि एकदा उठली की परत खाली येत नाही. ती कधी उठते तेवढंच लिहायचं.

मी इतर कामं करत होते. येता-जाता बघत होते. आडवीच. आई शेवटी तशी होती. काही होत नाही, काही होत नाही, असं सगळे म्हणत होतो.

रेघ उशिरा उठली. पास. चांगली पास.

घरी येऊन सांगितलं. "बाबा, तेल चांगलं आहे."

"बरां." तोच शब्द. मग कपाटाचं दार वाजलं.


२३ ऑगस्ट, रविवार

गजाला कागद हवा. बोलणं पुरत नाही त्याला, किंवा गावातल्यांना दाखवायला हवा. साध्या कागदावर लिहून दिला, लॅबचा नाही. ड्रममधलं तेल इंजिनात वापरायला योग्य आहे. खाली सही. आणखी काय लिहिणार. नवा फिल्टर बसवलाय असं तो म्हणतो. टाकीचे कोपरे हाताला लागत नाहीत तिथे काय राहिलं असेल, ते मला माहीत नाही. समुद्राचं मला काहीच माहीत नाही. एवढी वर्षं या लॅबमध्ये, आणि आलेलं प्रत्येक तेल माझ्याकडून पुढे निघून जातं, कुठल्या इंजिनात, कुठल्या पाण्यावर, कळत नाही.

बाबांनी कागद वाचला. सही बोटाने दाखवली. "ही तुजी?"

"हो."

"मोठी झाली." सही म्हणाले की काय, विचारलं नाही.


२७ ऑगस्ट, गुरुवार

उद्या पौर्णिमा. नारळाला सोनेरी कागद. बाबांनी स्वतः गुंडाळला, दोनदा सोडून पुन्हा.

मग पेटीतून बाटली काढली. माझ्यापुढे धरली.

"धू आता."

"नको बाबा. राहू दे."

"धू. येताना दर्याचां पानी भरून आनू. त्यात भजी नको."

मोरीत बसून धुतली. धुण्याचा सोडा, गरम पाणी. पहिला फेस हिरवा आला. निळसर हिरवा, अगदी तसाच. हातावर घेतला. दुसऱ्या पाण्याला पांढरा. तिसऱ्यांदा धुतली नाही.

वास घेतला. सोड्याचा.

उपडी ठेवलीय, ओट्यावर. बाबा एकदा उठून बघून आले, सुकली का.


२८ ऑगस्ट, शुक्रवार. धक्क्यावर

वही पिशवीत होती म्हणून लिहितेय. काहीतरी करायला हवं.

होडी पाण्यात. पताका, झेंडूच्या माळा. गजाला सांगितलंय : निघण्याआधी इंजिन इथेच चालू ठेव, बराच वेळ. फिल्टर चोंदायचा असेल तर इथे चोंदू दे. तो नाराज. बाकीच्या होड्या निघाल्या, बेंजोवाले वाजवत पुढे गेले. "ताय, अजून किती?" अजून थोडं.

वास सगळ्या धक्क्यावर. "कोन तलतां रं?" कुणीतरी ओरडलं. "आमाला पन टाक दोन!" गजाने हात जोडले.

बाबांना दोघांनी धरून चढवलं. गुडघा दुमडला नाही नीट, तरी बसले. पांढरा सदरा, लाल टोपी. बाटली दोन पायांत. हात मांडीवर ठेवलेत, पालथे. हात तिथे असतात तर.

मघाशी म्हटलं, बाबा, इंजिन तपासून होईस्तोवर खाली उतरा, सावलीत बसा. मान हलवली, नाही. आता उतरणार नाहीत.

मग म्हणाले, "तू ये ना."

ऐकू न आल्यासारखं केलं. या होडीत घरातली बाई बसलेली नाही. आई नाही. गजा दोरखंडाकडे बघत राहिला.

"कागद तूच दिलास ना बाय? सही तुजी ना?" मोठ्याने, धक्क्याला ऐकू जाईल असं. "मंग बस की."

लोक हसले. मंदाने पाठीला हात लावला. "जावा वन्स. जावा."

आई असती तर एव्हाना हात ओढून वळली असती.

चपला काढून शेजारी ठेवल्यात. तेवढंच केलंय अजून. पाणी पायरीच्या वर आलंय, पुन्हा उतरतंय. बाबा वाऱ्याकडे तोंड करून बसलेत, माझ्याकडे बघत नाहीत. शेजारची जागा मोकळी आहे.

इंजिन चालू आहे.